बंद खोलीतला धूर, आणि उठून जाता न येणारी माणसं

शरयू_के
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय कारण खरंच मदत हवीय. आमच्या ऑफिसात सिगारेटबद्दल नवीन नियम करायचे आहेत, पाच जणांची कमिटी आहे आणि त्यात मी आहे. मसुद्यात असं आहे की इमारतीत कुठेच ओढायची नाही, तिसऱ्या मजल्यावरची स्मोकिंग रूमसुद्धा बंद, शिवाय कंपाउंडमध्ये मोकळ्यावरही नाही, आणि यापुढे सिगारेट ओढणाऱ्याला नोकरीवरच घ्यायचं नाही. इमारतीच्या आतल्या बंदीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण बाकीच्या दोन्हीला मी मीटिंगमध्ये तावातावाने हो म्हणून आले आणि घरी आल्यावर झोप लागेना.

मी एवढी तावात का येते तेही सांगते. आधीच्या नोकरीत आठ वर्षं मी हिशेबाच्या खोलीत बसायचे. खोली लहान, खिडकी होती पण एसी बसवल्यावर ती कायमची बंद करून टाकलेली, आणि समोरचे दोघं दिवसभर ओढायचे. वाईट माणसं नव्हती हो. मी गरोदर होते तेव्हा मान वळवून दुसरीकडे धूर सोडायचे, त्यांच्या परीने काळजीच घ्यायचे, पण खोली तेवढीच ना, धूर वळून जाणार कुठे. दर शुक्रवारी मी मॉनिटरची काच ओल्या कापसाने पुसायचे, कापूस गंजासारखा तपकिरी होऊन निघायचा. घरी गेल्यावर मुलगी गळ्यात पडायची आणि लगेच मान मागे घ्यायची, केसांना वास यायचा म्हणून. मग खोकला सुरू झाला तो जाईचना. छातीच्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडापुढे धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं ओढताय?" मी जन्मात एक झुरका घेतलेला नाही.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, तुला त्रास होतो ना, मग तुझी जागा बदलून देतो. माझं टेबल जिन्याखालच्या पॅसेजमध्ये गेलं, हळूहळू हिशेबाचं कामही दुसऱ्याकडे गेलं, त्या वर्षी पगारवाढ नाही मिळाली. धूर त्यांचा आणि उठायचं मी. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून विचारतेय, मी आता जे करतेय ते आरोग्यासाठी करतेय की त्या पॅसेजचा राग काढतेय? बंदी नेमकी कुठपर्यंत योग्य? मोकळेपणाने लिहा, ओढणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

मेघना_दि
शरयू, आधी सांग खोकला आता कसा आहे? तुझं वाचून पोटात कालवलं.

तुझ्यासारखीच एक केस अमेरिकेत न्यू जर्सीत १९७६ साली कोर्टात गेली होती. डोना शिंप नावाच्या बाई एका टेलिफोन कंपनीत सेक्रेटरी होत्या, धुराची जबरदस्त ॲलर्जी, आणि ऑफिसात सगळीकडे सिगारेट चालू. गंमत नाही, खरंच सांगते, त्याच कंपनीत टेलिफोनच्या यंत्रांजवळ ओढायला मात्र सक्त मनाई होती कारण यंत्रं नाजूक, धुराने बिघडतात. जज्जांनी नेमकं तेच धरलं. यंत्रांची एवढी काळजी घेता तर माणसांची निदान तेवढी तरी घ्या, अशा अर्थाचं निकालात लिहिलंय, आणि काम करायच्या जागेत ओढणं बंद करायला लावलं. त्यासाठी कुठल्या वेगळ्या तंबाखूविरोधी कायद्याचा आधार लागला नाही बरं का, मालकाने नोकराला सुरक्षित जागा द्यायची एवढं जुनं तत्त्व पुरलं.

आणि कॅनडातल्या हेदर क्रो. ओटावात चाळीस वर्षं वेट्रेस, स्वतः कधी ओढलं नाही, २००२ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. पुढची चार वर्षं त्या देशभर फिरल्या, टीव्हीवरच्या जाहिरातीत स्वतः उभ्या राहिल्या, माझ्यानंतर दुसऱ्या कुणाला हे होऊ नये म्हणून. २००६ च्या मे महिन्यात गेल्या, ६१ वर्षांच्या होत्या, आणि त्याच महिन्यात त्यांच्या ओंटारिओ प्रांतात कामाच्या सगळ्या बंद जागांमधली बंदी लागू झाली. ही माणसं चळवळी करायला जन्मलेली नव्हती गं, कामावर गेली होती फक्त. तुझा राग तू काढतेयस असं मला नाही वाटत, तो राग बरोबरच आहे.

अभय७४
तुम्ही ओढणाऱ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. पंचवीस वर्षं ओढतोय. चार वेळा सोडली, एकदा तर अकरा महिने टिकलो होतो, मग वडील गेले त्या रात्री हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर कुणीतरी पाकीट पुढे केलं आणि संपलं. स्वातंत्र्य वगैरे मोठे शब्द मी माझ्या सिगारेटबद्दल वापरत नाही, सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जातो त्याला स्वातंत्र्य कसं म्हणू.

पहिल्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. तुमचं ते जागा बदलून देतो वाचून मान खाली गेली, मीही कधीकाळी बंद खोलीत तसाच ओढत बसायचो आणि समोरची बाई खोकायची तेव्हा वाटायचं हिला सर्दी झालीय.

पण नोकरीच नाही द्यायची हे अजिबात पटत नाही, आणि इथे मात्र मी स्वातंत्र्य हा शब्द वापरणार. इंग्लिश विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये जे मांडलं ते अजून खोडता आलेलं नाही, की माणसावर जबरदस्ती करायची तर दुसऱ्याला होणारी इजा थांबवायलाच, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नाही. बंद खोलीत मी ओढली तर तुम्हाला इजा आहे, मला थांबवा. घरी गॅलरीत रात्री एकटा ओढली आणि सकाळी स्वच्छ कामावर आलो, तर कुणाला काय झालं? तरीही जागतिक आरोग्य संघटना १ डिसेंबर २००५ पासून सिगारेट ओढणाऱ्याला नोकरीवर घेत नाही, अमेरिकेतली काही मोठी हॉस्पिटलंसुद्धा नाही घेत. ही धुरावर बंदी राहिली नाही, ही माणसावर झाली.

आणि एकदा माणसावर बंदी घालायची म्हटलं की ती कुठे जाऊन थांबते ते बघा. भूतानने २००४ मध्ये विक्रीच बंद केली, २०१० मध्ये आणखी कडक कायदा केला आणि २०११ मध्ये एका तरुण भिक्षूला थोड्याशा चघळायच्या तंबाखूसाठी तीन वर्षांची शिक्षा झाली. चघळायच्या! त्यात धूरसुद्धा नाही. लोक हळहळले, पुढे कायदा सैल करावा लागला आणि २०२१ मध्ये विक्री परत सुरू झाली. मधल्या काळात चोरटा व्यापार झाला तो वेगळाच.

शरयू_के
अभयजी, मनापासून आभार, हे लिहायला सोपं नव्हतं. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. नोकरीच्या मुद्द्यावर मी डळमळलेय हे आधीच कबूल करते. मेघनाताई, खोकला बराच कमी आहे, हिवाळ्यात डोकं वर काढतो.

स्मोकिंग रूमबद्दल कुणी सांगेल का? कमिटीतले दोघं म्हणतात चांगला एक्झॉस्ट बसवा, काचेचं दार लावा, सगळ्यांचंच समाधान होईल. मला त्याला तांत्रिक उत्तर देता आलं नाही.

रानवारा
हे मी सांगतो, कारण इमारतीतली हवा हाच माझा धंदा. डक्ट, ब्लोअर, एक्झॉस्ट, आयुष्य त्यात गेलं.

पहिल्यांदा धूर काय असतो ते. लोकांना वाटतं ओढणारा तोंडातून सोडतो तोच धूर. खोलीतला बहुतांश धूर तो नसतोच, दोन झुरक्यांच्या मधे सिगारेट बोटांत नुसती धरलेली असते तेव्हा जळत्या टोकाकडून निघतो तो असतो. तो कमी तापमानाला जळतो, फिल्टरमधून जात नाही, कुणाच्या फुप्फुसातून गाळून येत नाही, आणि वजनाला वजन लावलं तर ओढणारा आत घेतो त्यापेक्षा जास्त विषारी असतो. शरयूताईंच्या समोरचे दोघं मान वळवून सोडत होते, पण हातातली सिगारेट टेबलावरच होती ना. कण एवढे बारीक की खाली बसत नाहीत, तासन् तास तरंगतात.

आता काचेची खोली. दार उघडून माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याच्या पाठीमागे हवेची एक शेपटी बाहेर ओढली जाते, कधी उदबत्तीचा धूर ठेवून बघा, डोळ्यांनी दिसतं. ते टाळायला खोलीत कायम कमी दाब ठेवावा लागतो, एक्झॉस्ट बाकी इमारतीपासून पूर्ण वेगळा, दार आपोआप बंद होणारं. मी अशा खोल्या केल्यात. पहिला महिना छान चालतात. मग दाराला कुणीतरी खुर्ची लावून ठेवतं, ब्लोअरचा पट्टा सैल होतो, आवाज येतो म्हणून कुणी स्पीड कमी करतं. आणि एवढं सगळं नीट चाललं तरी आतली हवा आतच वाईट असते. आमच्या क्षेत्रातली सगळ्यात मानलेली संस्था अ‍ॅशरे, तिने २००५ मध्येच सांगून टाकलं की व्हेंटिलेशनने हा धोका जात नाही, आत ओढणं बंद करणं हाच उपाय. पंखे नि डक्टवरच ज्यांचं काम चालतं त्या इंजिनियरांची संस्था असं म्हणते, ह्याला काहीतरी अर्थ आहे. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरांच्या, अहवालातही तेच, परक्या धुराची अशी कुठलीच पातळी नाही की एवढी चालेल.

भारताच्या २००३ च्या कायद्यात तीस खोल्यांची हॉटेलं, तीस खुर्च्यांची रेस्टॉरंटं आणि विमानतळांना वेगळी जागा ठेवायची मुभा आहे. कायद्याला चालतं म्हणजे फुप्फुसाला चालतं असं नाही.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच ड्रॉइंगवर नसते. त्या खोलीतले ॲशट्रे रिकामे कोण करतं? झाडणारी बाई दिवसातून दोनदा आत जाते. तिला तुमच्या कमिटीत कुणी विचारलंय का?

शरयू_के
नाही विचारलं. उद्या विचारते.

कोरा_कागद
मी बंदीच्या बाजूचाच आहे पण आकड्यांच्या बाबतीत जरा जपून राहूया असं सांगायला आलोय. बंदीचे समर्थक एक गोष्ट फार ताणतात, ती म्हणजे हार्ट अटॅक.

अमेरिकेत माँटाना राज्यात हेलेना नावाचं गाव आहे. २००२ मध्ये तिथे बंदी आली, सहा महिने चालली आणि कोर्टाच्या आदेशाने थांबली. त्या सहा महिन्यांत हार्ट अटॅकने भरती झालेले रुग्ण २४, एरवी त्याच महिन्यांत सरासरी ४०. म्हणजे चाळीस टक्के घट! जगभर बातमी झाली, अजूनही लोक हेच फेकून मारतात. पण बघा, आकडे किती लहान आहेत, गाव केवढंसं. पुढे अख्ख्या अमेरिकेचा डेटा घेऊन २०१० मध्ये तपासलं तर तशी ठळक घट दिसलीच नाही, कारण लहान गावांत कधी चाळीस टक्के वर तर कधी चाळीस टक्के खाली हे आपोआपही होत असतं. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ ला बंदी आली, तिथला अभ्यास मोठा आणि नीट होता, त्यात घट निघाली २.४ टक्के. चाळीसच्या शेजारी २.४ अगदीच किरकोळ वाटतं, पण पहिल्या वर्षात साधारण १,२०० भरत्या कमी झाल्या असा त्याचा अर्थ. १,२०० घरांत त्या रात्री धावाधाव झाली नाही. मला तर हा लहान आकडाच जास्त मोलाचा वाटतो कारण तो टिकतो.

शरयूताई, कमिटीत चाळीस टक्के म्हणालात आणि समोरच्याने दुसरा अभ्यास काढला तर तुमचं खरं असलेलंही खोटं ठरेल. म्हणून एवढं लिहिलं.

मेघना_दि
कोरा_कागद, मान्य, चांगलं झालं सांगितलंत. पण हार्ट अटॅक बाजूला ठेवला तरी जे अगदी जवळून मोजलंय ते विसरू नका. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बारमध्येही बंदी आली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरना आधी आणि नंतर तपासलं. आधी ३९ जणांना खोकला, घरघर, धाप असं काही ना काही होतं, बंदीनंतर त्यातल्या २३ जणांचं पूर्ण गेलं. काही आठवड्यांत! आयर्लंडने २९ मार्च २००४ ला पूर्ण देशात कामाच्या जागी बंदी केली, असं करणारा पहिला देश, तेव्हा डब्लिनच्या ४२ पबमधली हवा मोजली होती, बारीक कण ८३ टक्क्यांनी उतरले. हे अंदाज नाहीत, तीच खोली, तीच माणसं.

स्कॉटलंडचं मुलांचं तर मला फार भिडतं. २००६ च्या आधी दम्याने हॉस्पिटलात येणारी मुलं दर वर्षी ५ टक्क्यांच्या आसपास वाढत होती, बंदीनंतर वर्षाला १८ टक्क्यांनी कमी होऊ लागली. मुलं काही पबमध्ये जात नव्हती.

पिंपळपान
मेघनाताई मी तेच विचारणार होते, मुलं पबमध्ये जात नव्हती मग कमी कशी झाली? भीती तर उलटी होती ना, की बाहेर बंदी केली की माणूस घरी येऊन पोरांसमोर ओढणार. आमच्या घरात मामांचं अगदी तसंच झालं होतं म्हणून विचारते.

मेघना_दि
पिंपळपान, ही भीती सगळ्यांनाच होती. म्हणून स्कॉटलंडमध्ये अकरा-बारा वर्षांच्या शाळकरी मुलांची लाळ तपासली, निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन बनतं, ते लाळेत सापडतं. बंदीनंतर ते सरासरी ३९ टक्क्यांनी कमी झालेलं निघालं. म्हणजे एकूणात घरातला धूर वाढला नाही. बहुतेक लोकांनी बाहेरचा नियम घरात नेला, आपणहून. पण अमेरिकेतल्या एका अभ्यासात उलटंही दिसलंय, बारमध्ये बंदी झाल्यावर तिथल्या मुलांचं कोटिनिन वाढलेलं. तुमच्या मामांसारखं काहींच्या बाबतीत होतं, ते नाकारता येत नाही. घराच्या आत कायदा पाठवावा असं मात्र मला नाही वाटत, तिथे बोलावंच लागतं, रडून-भांडून.

दहा_टेबलं
मी या धंद्यातला आहे, छोटी जागा, नावाप्रमाणे दहा टेबलं. आधी या बंदीच्या पूर्ण विरोधात होतो. माझी जागा, माझं भाडं, दारावर मोठ्या अक्षरात लिहितो इथे सिगारेट चालते, ज्याला नको त्याने येऊ नये, सरकारचा संबंध काय? अजूनही वाटतं की हा मुद्दा साफ चुकीचा नाही. जर्मनीत छोट्या पबवाल्यांनी हेच कोर्टात मांडलं होतं. कायदा असा होता की मोठ्या पबने वेगळी स्मोकिंग रूम काढावी, पण एकाच खोलीचा पब असलेल्याने ती कुठे काढायची? ३० जुलै २००८ ला त्यांच्या घटना न्यायालयाने सांगितलं की हा छोट्यांवर अन्याय आहे, एकतर सगळ्यांना सरसकट बंदी करा नाहीतर छोट्यांनाही सूट द्या. सरसकट बंदीसुद्धा घटनेत बसते हेही त्याच निकालात आहे. पुढे तिथल्या बव्हेरिया राज्यात ४ जुलै २०१० ला लोकांचंच मतदान झालं आणि ६१ टक्क्यांनी सरसकट बंदी निवडली.

माझं मत बदललं ते मात्र माझ्या वेटरमुळे. विचारलं होतं त्याला, बाबा रे तुला धुराचा त्रास होतो का, तर म्हणाला, नाही मालक, मला चालतं. मी निवांत. वर्षभराने नोकरी सोडून गेला तेव्हा हिशेब घेताना म्हणाला, रात्री घरी जाऊन उलट्या व्हायच्या. मी म्हटलं अरे मग बोलला का नाहीस? म्हणाला, तुम्ही मालक, तुम्ही विचारल्यावर काय बोलणार.

गिऱ्हाईक खरंच मोकळं असतं हो, नाही आवडलं तर उठून जातं. पण ज्याचं पोट माझ्या हातात आहे त्याच्या मला चालतं म्हणण्याला काय किंमत आहे? म्हणून हे मालकाच्या किंवा नोकराच्या मर्जीवर नको, नियम पाहिजे. माझा धंदा पहिले दोन-तीन महिने हलला, मग सावरला, दुसऱ्या दुकानात जाऊन तरी काय करणार, तिथेही तोच नियम. सगळ्यांना सारखा असला की कुणीच बुडत नाही.

अभय७४
दहा_टेबलं, तुमच्या वेटरचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मला चालतं हे मीही लोकांकडून ऐकून घेतलंय आणि खरं मानलंय.

दीपमाळ
दोन दिवस लिहू की नको करत होते. सगळे म्हणतायत जो उठून जाऊ शकत नाही त्याच्यासाठी नियम. मला त्यातलाच दुसरा माणूस दाखवायचाय.

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वर्षातून एखादी खेप भरती करावं लागतं, बंद वॉर्ड, दाराला कुलूप. दादा वयाच्या सतराव्या वर्षापासून ओढतो. या आजारात खूप जणांचं तसंच असतं. मागच्या खेपेला त्या हॉस्पिटलात पूर्ण बंदी झाली होती, आवारातही नाही. भेटायला गेले तेव्हा दादाने वर्तमानपत्राची बारीक नळी केली होती आणि ती दोन बोटांत धरून खिडकीच्या जाळीला टेकून उभा होता, मधेच ओठांना लावायचा आणि श्वास सोडायचा. मला म्हणाला, यांना सांग ना, मी बाहेर जाऊन ओढीन, आत नाही ओढणार. बाहेर जाऊन! त्याला कोण जाऊ देणार. तुम्ही सगळे ज्याला साधा उपाय म्हणता, बाहेर जाऊन ओढा, तो दादाच्या दाराशी येऊन संपतो.

आयर्लंडच्या कायद्यात हे आधीच ओळखलं होतं, मनोरुग्णालयं, तुरुंग, वृद्धाश्रम यांना सूट होती. इंग्लंडने मनोरुग्णालयांची सूट २००८ च्या जुलैत काढली. तिथल्या रॅम्पटन नावाच्या कडक पहाऱ्याच्या हॉस्पिटलातले रुग्ण कोर्टात गेले, म्हणाले आम्ही वर्षानुवर्षं इथेच राहतो, हेच आमचं घर आहे, आणि घरात ओढायला तर कुणाला बंदी नाही. हरले, वरच्या कोर्टातही २००९ मध्ये हरले. निकाल चूक असं मी म्हणत नाही. त्याच वॉर्डात न ओढणारेही असतात आणि त्यांनाही उठून जाता येत नाही, नर्सेस असतात. माझी मागणी वॉर्डात ओढू द्या अशी कधीच नव्हती. अंगणाचं दार दिवसातून चार वेळा उघडा, एक माणूस सोबत द्या, आणि पहिल्या दिवसापासून निकोटिनचे पॅच द्या, एवढीच होती.

आणि आणखी एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून लिहितेय. क्लोझापिन आणि ओलांझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्या घेणाऱ्याने सिगारेट एकदम बंद केली तर रक्तातलं औषध वाढतं. धुरातल्या रसायनांमुळे लिव्हर ते औषध भराभर संपवत असतं, धूर थांबला की तेवढाच डोस जड होतो. पॅच लावला तरी हे होतंच कारण हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. दादा त्या आठवड्यात दिवसभर झोपेत होता, लाळ गळत होती, आम्हाला वाटलं आजार वाढला. नंतर एका तरुण डॉक्टरने डोस बघितला आणि कमी केला. बंदीचा कागद दारावर लागला होता, पण डोसचं कुणाच्या लक्षात नव्हतं. कुणाच्या घरी असं कुणी असेल तर भरतीच्या वेळी स्वतःहून सांगा, रोज किती ओढतो ते, अगदी आकडा सांगा.

रानवारा
दीपमाळताई, हे सगळं लिहिलंत, उपकार झाले. माझ्या मेव्हणीच्या घरी हाच आजार आहे, त्यांना आत्ताच फोन करतो.

शरयू_के
दीपमाळ, तुझी पोस्ट मी तीनदा वाचली. मी स्वतःला नेहमी एका बाजूला धरून चालले होते, खोलीतून उठता न येणारी म्हणजे मीच. दारापलीकडे जाता न येणारा माणूस हातात सिगारेट धरूनही उभा असू शकतो हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता काय झालं ते सांगते. आमच्याकडे स्मोकिंग रूम झाडायला येतात त्या मावशींना विचारलं. आधी मला चालतं म्हणाल्या! दहा_टेबलं तुमची आठवण झाली. मग मी त्यांना खाली जिन्यावर बसून माझ्या खोकल्याचं सगळं सांगितलं, तेव्हा बोलल्या. तोंडाला पदर बांधून, श्वास धरून आत जातात, दोन ॲशट्रे उचलतात, बाहेर येऊन श्वास घेतात, परत जातात. हे मी कमिटीत जसंच्या तसं सांगितलं, एकही आकडा न देता. एक्झॉस्टवाले दोघं गप्प झाले. खोली बंद करायचं एकमताने ठरलं.

नोकरीवर न घ्यायची अट मी स्वतः मागे घेतली. अभयजी, मिलचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हटलं की आपण हवेचे नियम करायला बसलोय, माणसं निवडायला नाही. सोडायची असेल त्याला डॉक्टर आणि गोळ्या-पॅचचा खर्च कंपनीने द्यायचा असं त्या जागी घातलं. कंपाउंडमध्ये पूर्ण बंदी न करता मागच्या भिंतीपाशी जागा ठरवली, दारं-खिडक्या आणि एसीच्या युनिटपासून लांब.

पण एक गाठ सुटत नाहीये. रात्रीचे वॉचमन काका. ते ओढतात, फाटकाजवळच्या केबिनमध्ये रात्री एकटेच असतात, फाटक सोडून मागच्या भिंतीपर्यंत जायची त्यांना परवानगी नाही. केबिन म्हणजे चार बाय सहाची बंद पेटी. सकाळी सहाला त्याच केबिनमध्ये दुसरे येतात ते अजिबात ओढत नाहीत, आणि आल्या आल्या दार सताड उघडं टाकून अर्धा तास बाहेर उभे राहतात, पावसातसुद्धा. नियम लावला तर रात्रीचे काका दहा तास अडकले, नाही लावला तर सकाळचे.

कोरा_कागद
केबिन ही कामाचीच जागा आहे, आत बंदीच हवी. सकाळच्या माणसासाठी रात्रीचा धूर भिंतींवर, खुर्चीच्या कापडावर बसलेला राहतो, नुसतं दार उघडून तो जात नाही.

दीपमाळ
आणि रात्रीच्या काकांसाठी दार उघडा.

अभय७४
शरयूताई, आयर्लंडच्या पबवाल्यांनी बाहेर शेड घातल्या होत्या ते आठवतंय का कुणाला. तिथला नियम असा की छप्पर असेल तर कडेच्या भिंती निम्म्याहून जास्त नकोत, म्हणजे ती मोकळी जागा धरतात. केबिनपासून जरा लांब, पण फाटक डोळ्यांसमोर राहील अशा ठिकाणी चार खांब आणि एक पत्रा टाका. दोन बाजू तरी पूर्ण उघड्या. पाऊस लागणार नाही, फाटकही सुटणार नाही.

आणि ते करायच्या आधी काकांना विचारा की त्यांना सोडायची आहे का. दिवसाच्या लोकांना डॉक्टर-गोळ्या मिळणार म्हणता, रात्रपाळीच्या माणसाला ती नोटीस दिसतही नाही बहुधा. मला विचारलं असतं कुणी त्या अकराव्या महिन्यात तर बरं झालं असतं.

शरयू_के
पत्र्याचं रानवारांना विचारून घेते, वारा कुठून येतो ते बघावं लागेल. काकांना भेटायला आज रात्री थांबतेय, ते आठला येतात. अभयजी, आमच्या नोटिशीत डॉक्टरांच्या वेळा फक्त सकाळच्या लिहिल्या होत्या, आत्ता बदलून घेतल्या.